पाण्यातला टेकू

सूर्य बुडवणं हे माझं गेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं काम आहे. अलिबागहून काशीदला जाताना मध्ये लागणाऱ्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी चित्रकला शिकवतो, आणि आमच्याकडे चित्रकला म्हणजे बहुतेक वेळा सूर्यास्त. निसर्गचित्र काढा म्हटलं की सूर्यास्त, मनाने काहीही काढा म्हटलं तरी सूर्यास्त. शिक्षकदिनाला मुलं हाताने केलेली शुभेच्छापत्रं देतात, त्यांच्यावरही तोच. माझ्या बायकोने एकदा ती सगळी जमिनीवर पसरली आणि म्हणाली, "तुमच्या शाळेत सकाळ होत नाही का हो?"

मी नोकरीला लागलो तेव्हा तर मजाच होती. आमच्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला आहेत, मागच्या बाकावरूनही समुद्र दिसतो. पण मुलांच्या कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून डोकावणारा सूर्य, तिथून वाकडीतिकडी येणारी नदी आणि काठाला एक कौलारू घर. रोज समुद्रात सूर्य बुडताना पाहणारी पोरं कागदावर त्याला डोंगरात का नेतात, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाली, "सर, चित्रात असंच असतं." मला राग आला. तरुण होतो, राग लवकर यायचा. वर्षभर मी त्या डोंगरांच्या हात धुऊन मागे लागलो आणि ते पार नाहीसे केले. त्यांच्या जागी माझा सूर्यास्त आणला.

माझा सूर्यास्त असा. कागद आडवा धरायचा. मध्याच्या जरा खाली क्षितिजाची रेघ, तिच्यावर अर्धा सूर्य. सूर्याला लागून लिंबू पिवळा, मग गडद पिवळा, नारिंगी, लाल आणि अगदी वर जांभळा. ऑइल पेस्टलची कांडी आडवी धरून घासायची, उभी धरली की रेघोट्या दिसतात. प्रत्येक रंग शेजारच्या रंगात बोटभर शिरला पाहिजे. मग खरंखुरं बोट फिरवायचं, आणि ते नेहमी उजळ रंगाकडून गडद रंगाकडे. उलटं फिरवलं तर जांभळा पिवळ्यात उतरतो आणि आकाशाला चिखल लागतो. ज्यांना बोट माखायचं नसतं ते कापसाच्या बोळ्याला थेंबभर खोबरेल लावून रंग पसरतात. खोबरेल जास्त झालं की कागदाच्या मागे डाग येतो, शिवाय सगळ्या वर्गाला न्हाणीघराचा वास. खाली पाण्यात हेच रंग उलट्या क्रमाने, मध्ये सूर्याची पिवळी वाट. सगळ्यात शेवटी काळा: उजवीकडून कललेला माड आणि डावीकडे होडी. झालं चित्र.

चाळीस मिनिटांच्या तासात ते बसतं. सगळ्यात ढ मुलाचंही बरं दिसतं, त्याची आई ते कपाटावर चिकटवते आणि पालकसभेत मला हसून नमस्कार करते. थोडक्यात, मी एक साचा मोडून दुसरा बसवला होता. हे मला तेव्हाही अधूनमधून जाणवायचं, पण ज्या गोष्टीने कुणाचं वाईट होत नाही ती बदलायला माणसाला सवड होत नाही.

आमच्या धंद्यातली आणखी एक रीत सांगायला हवी. तिला आम्ही हात फिरवणं म्हणतो. स्पर्धेला जाणारी चित्रं आदल्या दिवशी शिक्षकाच्या टेबलावर येतात आणि शिक्षक त्यांच्यावर हात फिरवतो. आकाश थोडं उजळायचं, माडाची झावळी नीट करायची, कुठे कागद पांढरा राहिला असेल तर भरायचा. मुलंच मागे लागतात, "सर, जरा हात फिरवा ना." पालकांना वाटतं, शिक्षक असतो तरी कशाला? सुनेने केलेल्या आमटीत सासूने जाता जाता चिमूटभर मीठ टाकावं, इतकं ते साधं. माझा हात चांगला होता. आमच्या शाळेला दर वर्षी एखादं तरी बक्षीस असायचंच, आणि मुख्याध्यापक त्याचं श्रेय मला चारचौघांत द्यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

दोन-तीन वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. दहावीला चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मागून न्यायचा तास, पण त्या वर्षी मी अडून बसलो आणि सोडला नाही. मुलगी खिडकीजवळ बसायची. बोलायची कमी, काढायची सावकाश. इतरांचे दोन सूर्य बुडून व्हायचे तेव्हा हिचं क्षितिज चाललेलं असायचं. मी तिला फार हुशार समजत नव्हतो.

एकदा मी फळ्यावर मोठा कागद लावून सूर्यास्त काढून दाखवत होतो. रंग पसरून झाले, होडी झाली, पाणी अगदी कागदाच्या खालच्या कडेपर्यंत आणलं. मागे वळलो तर ती उभी.

"सर, ही अष्टमी हाय ना?"

वर्ग हसला. मला वाटलं, थट्टा चाललीय. "अष्टमी? कसली अष्टमी?"

"म्हंजे पानी एवढं भरलेलं हाय, आनि सूर्य बुडतोय. तर अष्टमी नाय तर नवमी असनार."

मी तिला फळ्यापाशी बोलावलं. आता तिचं हसं होईल म्हणून बाकीचे सरसावून बसले. तिने न लाजता हिशेब सांगितला, तिच्या घरी सगळ्यांना येतो तो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे सूर्य बुडताना पाणी वर. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणून सूर्य बुडताना पाणी लांब गेलेलं असतं. "तवा सुकती असते सर. होडी अशी तरंगनार न्हाय. चिखलात बसनार, कलनार." कोळीवाड्यातल्या चार-पाच पोरांनी माना डोलावल्या. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवशी तिथी कुठची होती मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "चित्रात तिथी नसते. जा, बस जागेवर."

वर्गाला माझं उत्तर फार आवडलं. मलाही. ती जाऊन बसली.

त्यानंतर पंधरा दिवस मी घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका आणि शाळेसमोरचा समुद्र यांचा ताळा पाहत होतो. मुलगी बरोबर होती. मी भाताच्या गावचा, रोह्याच्या आतल्या बाजूचा. आमच्याकडे पाणी बांध घालून अडवलं की तिथेच राहतं. समुद्रासमोर पंचवीस वर्षं काढून मला एवढंच माहीत होतं की पाणी कधी वर असतं आणि कधी खाली. बारा महिने, तीसही तिथींना मी अष्टमीच काढत आलो होतो. पुढच्या तासाला वर्गात हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

डिसेंबरात अलिबागच्या एका संस्थेकडून स्पर्धेचं पत्रक आलं. विषय सूर्यास्त, माध्यम ऑइल पेस्टल. निवडलेल्या चित्रांचं तिथल्या सभागृहात प्रदर्शन आणि तिथेच बक्षीस. मी इच्छुकांची नावं घेतली. खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला, पहिल्यांदाच.

तास संपल्यावर ती थांबली. दुखणं डॉक्टरला सांगतात तसं तिने सरळ सांगून टाकलं. दहावीनंतर तिला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. माहिती तिने मोबाइलवर काढली होती. मावशी मुंबईला असते, ती ठेवून घ्यायला तयार होती. आई काही बोलत नव्हती. अडलं होतं ते बापापाशी. त्याचं म्हणणं, गावात राहून बारावी कर, मग बघू. आणि मग बघू म्हणजे लग्न बघू, हे तिला कळत होतं. "पप्पा बोलले, चित्र लावतील तवा मी येऊन बघीन. बघून सांगेन, जायचं का न्हाय."

"ते आजवर तुझं चित्र बघायला आलेत कधी?"

"न्हाय. म्हनून तर."

चित्र तिने घरी केलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिलं. बाकीच्या पाच जणांनी आपापली चित्रं देताना "सर, हात फिरवा" म्हटलं. तिने म्हटलं नाही. टेबलावर ठेवून ती निघून गेली.

शनिवारची दुपार होती, शाळा सुटलेली. मी तिचा कागद उघडला आणि माझा चेहरा उतरला. कागदाचा दोन तृतीयांश भाग चिखल. तपकिरी, करडा, त्यात जांभळ्याचा हात. समुद्र वर एका पट्टीएवढा उरलेला, सूर्य बारका, धड गोलही नाही. मध्ये एका कुशीवर कललेली होडी, तिच्या पोटाला लावलेलं एक लाकूड. नारिंगी रंग फक्त चिखलात साचलेल्या पाण्याच्या डबक्यांमध्ये. मी पाहिलेलं ते सगळ्यात खरं चित्र होतं. आज हे मी सहज लिहितो. त्या दुपारी मला ते मळकट दिसलं.

मी स्वतः दोन-तीन स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलेलो आहे. शे-दोनशे चित्रं टेबलावरून सरकतात, एकेकावर डोळा ठरतो तो किती? त्या नारिंगी-लालाच्या गर्दीत हा चिखल कोण पाहणार? चित्र निवडलंच गेलं नाही तर बाप काय बघणार? मुलीचं सगळं यावर होतं आणि तिला आपली बाजू मांडता आली नव्हती असं मला मनापासून वाटलं. म्हणजे दया आली. ती आली नसती तर बरं झालं असतं.

मी हात फिरवला. खरं सांगायचं तर हात फिरवणं म्हणतात त्याच्या कितीतरी पुढे गेलो. ब्लेडने चिखल खरवडला. ऑइल पेस्टलचा थर नखाखालच्या मेणासारखा निघून येतो, पण कागद डागाळलेला राहतो, म्हणून वर पांढऱ्याचा दाट हात दिला, मग पिवळा, मग नारिंगी. सूर्य मोठा केला. होडी सरळ उभी केली आणि तिच्याखाली पाणी आणलं. होडीच्या कडेचं ते लाकूड मला वल्हं वाटलं. वल्हं छान दिसतं, म्हणून ते ठेवलं, वर काळ्याने गडदही केलं. उजवीकडे माड घातला. पाऊण तासात झालं सगळं. कोपऱ्यात तिचं नाव होतं, त्याला मी धक्का लावला नाही.

चित्राला पहिला क्रमांक मिळाला.

मुख्याध्यापक खूश. बातमी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली, अंगठ्यांची आणि फुलांची रास पडली. मी तिला वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. ती हसली. तोवर तिने चित्र पाहिलेलं नव्हतं. पाहायचं काय, आपलंच तर होतं. मी तिला सांगू शकत होतो, दोन दिवस हातात होते. प्रदर्शनात बघेल आणि चांगलं दिसतंय म्हणून तिलाही बरं वाटेल, अशी मी माझी समजूत घातली.

रविवारी सकाळी अलिबागच्या त्या सभागृहात गर्दी होती. बक्षीस घ्यायला आलेली मुलं, नटलेल्या आया, शनिवार-रविवारचे बंगलेवाले पाहुणे. तिचा बाप इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. उंच, रापलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. सभागृहाच्या दाराशी त्याने चपला काढल्या. बाकी कुणी काढल्या नव्हत्या. तो अनवाणीच आत आला आणि सुरुवातीपासून एकेका चित्रासमोर थांबत, हात मागे बांधून, पुढे सरकू लागला. त्याला घाई नव्हती. सगळ्या सूर्यास्तांकडे त्याने सारख्याच मनाने पाहिलं.

मुलगी पुढे धावली होती. लाल रिबीन लावलेल्या चित्रासमोर ती उभी राहिली. मी दहा पावलांवर होतो, मुख्याध्यापकांशेजारी, हातात चहाचा कागदी कप. तिने आधी चित्राकडे पाहिलं, मग खालच्या नावाकडे, मग परत चित्राकडे. मग ती वळली आणि तिने मला शोधलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती फक्त बघत होती. मी हसल्यासारखं केलं.

तेवढ्यात बाप पोचला. मग कागदाजवळ वाकला आणि होडीच्या कडेला बोट नेलं.

"होडी कोनाची?"

"आपलीच."

"हा टेकू ना?"

मला तेव्हा कळलं की ते वल्हं नव्हतं. ओहोटीला होडी एका अंगावर पडू नये म्हणून लावतात तो लाकडाचा टेकू होता.

"पान्यात टेकू कोन लावतो?" तो सावकाश म्हणाला. त्याच्या आवाजात चिडणं नव्हतं, त्याला खरंच समजत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. "मास्तर, हे हिनंच काढलं?"

मुख्याध्यापक शेजारी होते. दोन हातांवर संस्थेचे अध्यक्ष कुणाशी तरी बोलत होते. नाही म्हटलं तर क्रमांक गेला, शाळेचं नाव गेलं, आणि मागची पंचवीस वर्षं कुणी उकरायला बसलं तर माझंही. एवढं सगळं डोक्यात यायला किती वेळ लागतो? मुळीच लागत नाही. मी कप तोंडाला लावला.

"मीच काढलं, पप्पा," ती म्हणाली. "माझं चुकलं."

बाप तिच्याकडे पाहत राहिला. "जल्मापासून होडीत बसतेस," एवढंच म्हणाला. तिला स्टेजवर बोलावलं, तिने प्रमाणपत्र आणि चषक घेतला, फोटो झाला. फोटोत मी आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. "पप्पा न्हाय बोलले," तिने सांगितलं. चित्राबद्दल अवाक्षर नाही. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "मी बोलतो त्यांच्याशी." ती बरं म्हणून गेली.

बोलायला मला नऊ दिवस लागले. पहिल्यांदा सराव परीक्षांचे पेपर होते, मग स्नेहसंमेलन, मग एक दिवस कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत जाऊन मी रिक्षा वळवून घेतली. या नऊ दिवसांत मी दोन वर्गांना सूर्यास्त शिकवला. हात आपोआप चालतो, त्याला लाज वगैरे नसते.

शेवटी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. तो घरासमोरच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने आतून प्लास्टिकची खुर्ची आणवली, पाणी आणवलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं. चिखल, ब्लेड, माड, टेकू. तिने काढलेली होडी कशी कललेली होती तेही सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याची बोटं जाळ्यात चालू होती.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"मुलीनं सांगितलं?"

"ती कशाला सांगतेय. तवाच समजलो. माझी पोर पान्यात टेकू लावनार न्हाय."

मला हलकं वाटलं. मी घाईघाईने म्हणालो, "मग तर झालंच. चूक माझी आहे. तिला का अडवता? तिचा हात फार चांगला आहे, तिला जाऊ द्या."

त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "मास्तर, चित्रातलं मला काय समजत न्हाय. तिचं चुकलं असतं ना, तरी धाडली असती. शिकायलाच चाललेली. पन तुमी तिचं सगलं खरवडलं, आनि ती बोलली, माझं चुकलं. एवढ्या लोकांत. का, तर सरांची लाज जाऊ नये. आता मुंबईला तिला कोन कोन भेटतील? जो तो हिचं खरवडनार, आनि ही बोलनार, माझं चुकलं. अशी पोर लांब कशी धाडू?"

वीस-पंचवीस वर्षं मी मुलांना हेच तर शिकवत आलो होतो, की सरांनी केलं म्हणजे चांगलंच केलं.

त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. ती बाहेर आली, हात ओले, कपाळावर बटा. मला बघून थांबली.

"ते चित्र कोनी काढलं?" बापाने विचारलं.

"मीच," ती म्हणाली. लगेच. माझ्याकडे न बघता.

बापाने माझ्याकडे पाहिलं. बघा, असं तो तोंडाने म्हणाला नाही.

"अगं," मी म्हणालो, "मी सांगितलंय त्यांना सगळं. घाबरू नकोस. खरं काय ते सांग."

मी हे समजावणीच्या सुरात म्हणालो, वर्गात म्हणतो तसं. तिने हात ओढणीला पुसले. मग वर बघितलं आणि थेट माझ्याशी बोलली.

"खरं तुमी त्या दिवशी बोलायचं व्हतं, सर. पप्पांनी तुमाला विचारलेलं, मला न्हाय. मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते. तुमी चा पीत व्हता." ती थांबली नाही. "आनि मी तुमाला हात फिरवा बोललेच नव्हते. माझी होडी बरोबर व्हती. तुमाला समजली न्हाय तर विचारायचं. अष्टमीच्या टायमाला पन मीच बरोबर व्हते. तुमाला म्हाईत व्हतं नंतर. तुमी रोज खिडकीतून बघायचा. वर्गात कदी बोलला न्हाय."

पंचवीस वर्षांत कुठलाही विद्यार्थी माझ्याशी असं बोललेला नव्हता. पहिली लहर चिडण्याची होती, हेही लिहून ठेवतो. ती ओसरल्यावर उरलं ते एवढंच की तिच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

बापाने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. कुठे राहिलं होतं ते शोधत, खाली बघतच म्हणाला, "मावशीला फोन कर. सांग, जूनला येते म्हनून."

तिला आधी ते कळलंच नाही. मग कळलं आणि ती घरात पळाली. आतून आईचा आवाज आला, मग दोघींचा. मी उठलो. चहा घेऊन जा, असं तो म्हणाला. मी नको म्हटलं.

दहावीचा निकाल लागल्यावर मुलं पेढे घेऊन शिक्षकांच्या घरी येतात, अशी आमच्या गावात पद्धत आहे. तिचे पेढे बाप घेऊन आला. मुंबईला निघण्याचाच दिवस होता, सामान रिक्षात भरलेलं. मी दारात आलो तर रस्त्याच्या कडेला रिक्षा उभी आणि ती आत, मांडीवर मोठी सपाट पिशवी उभी धरून बसलेली, चित्रांचे कागद ठेवतात तसली. मी हात वर केला. तिनेही केला. पण ती उतरली नाही, आणि मी तिला बोलावलं नाही.